अण्णांची पश्चिमेची खिडकी

मी खिडक्यांचं काम करते असं सांगितलं, की सोलापुरातला माणूस आधी माझ्या पाठीमागे बघतो. मिस्तरी कुठे आहे, हे त्याला बघायचं असतं. मिस्तरी मागून येतोच. त्यांचं नाव रफीकभाई. ते जिना चढून वर आले, की गिऱ्हाइकाच्या जिवात जीव येतो. मग रफीकभाई त्याला शांतपणे सांगतात, की माप ताई घेणार, मी फक्त काच कापतो. गिऱ्हाइकाचा चेहरा पुन्हा उतरतो. इतकी वर्षं झाली तरी मला या प्रसंगाची मजा वाटते.

नव्या खिडक्या बनवून देणारी दुकानं शहरात पुष्कळ आहेत. आमचं काम जुन्या खिडक्यांचं. घर बांधून झालेलं असतं, माणसं राहत असतात, भिंत फोडायची नसते आणि आत भट्टी पेटलेली असते. अशा घरात जाऊन, आहे त्याच खिडकीचं असं काही करायचं, की ऊन बाहेर राहावं, उजेड आत यावा आणि कूलर-एसीवरचा भार कमी व्हावा. हे नेमकं काय काम आहे, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही धड सांगता येत नाही. ती पाहुण्यांना सांगते, "आमची ताई काचा बसवते."

खरं तर त्यात गूढ काही नाही. काच उन्हाला आत सोडते. ते ऊन फरशीवर, गादीवर, कपाटावर पडतं, त्या वस्तू तापतात, आणि ती उष्णता काही काचेतून आल्या वाटेने परत जात नाही. लोक आतून जाड पडदा लावतात आणि वाटतं, काम झालं. पण पडदा तापतो आणि तापलेला पडदा खोलीतच लोंबकळत राहतो. नको असलेल्या पाहुण्याला दारातच थांबवावं लागतं, सोफ्यावर बसल्यावर तो उठत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, एवढंच माझं शास्त्र.

दुसरी गोष्ट दिशेची. दक्षिणेचं ऊन वरून येतं, त्याला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याच्या खालून वाकून थेट घरात. जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या वस्तीत, प्लॉटचं तोंड जिकडे होतं तिकडे इमारतींची तोंडं झाली आणि सूर्याला कोणी विचारलं नाही. त्यामुळे आमच्या धंद्याला मरण नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. एका वकिलांनी हॉलच्या काचांना आतून काळी फिल्म लावून घेतली होती. काळा रंग ऊन पितो, काच तापते. छज्ज्याच्या सावलीतला वरचा भाग त्यामानाने गार राहतो, खालचा भाजतो, आणि या ओढाताणीत एका दुपारी काच आडवी तडकली. वकीलसाहेबांनी खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना रांगेत उभं करून उलटतपासणी घेतली. कोणी कबूल होईना. पुढे पोरं परीक्षेला गेलेली असताना दुसरी काच तडकली, तेव्हा आरोपी निर्दोष सुटले आणि मला बोलावणं आलं. आम्ही फिल्म खरवडत होतो तेव्हा वकीलसाहेब स्वतः स्टूल धरून उभे होते. म्हणाले, या केसमध्ये खरा आरोपी रोज संध्याकाळी फरार व्हायचा.

बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्यांना दुहेरी काचेची खिडकी हवी होती, कारण त्यांच्या पुण्याच्या मेहुण्याकडे तशी होती. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा, आतला थंडावा टिकतो, सगळं खरं. पण त्यांच्या पेढीचं दार सकाळी उघडायचं ते दिवे लागेपर्यंत उघडंच. हमाल पोती घेऊन सतत आत-बाहेर. मी म्हटलं, शेटजी, दार सताड उघडं ठेवून खिडकीला दोन काचा कशाला? त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, मेहुणा पुढच्या महिन्यात येतोय. खिडकी बसवली. मेहुणा दारातून आला, चहा प्याला, दारातूनच गेला.

अशा गोष्टी सांगत बसले तर संपायच्या नाहीत. पण या कामात मला ज्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटला, त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा शालनकाकूंचं घर पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

मार्च सरत आला होता. फोनवर अनोळखी बाई बोलत होत्या, त्याच शालनकाकू. शेजारच्या इमारतीत आम्ही काम केलं होतं, तिथून त्यांनी नंबर घेतला होता. त्या इतकंच म्हणाल्या, "ताई, खिडकी बुजवाया गवंडी यायचाय. तेच्या आदी तुमी येऊन बघून जावा."

जुळे सोलापुरातलीच चार मजली इमारत, त्यातला तिसरा मजला. पश्चिमेच्या खोलीत खिडकीला चिकटून दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट होती आणि खाटेचे चारही पाय सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलेले होते. खाटेवर काकूंचे यजमान, अण्णा. एसटीत ड्रायव्हर होते, सारी नोकरी बार्शी डेपोत. निवृत्तीनंतर हौसेने हा फ्लॅट घेतला, आणि एकदा गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला चढले असताना शिडी सरकली. पाठीच्या कण्याला मार बसला. छातीच्या खालचं शरीर तेव्हापासून गेलं, हात आणि डोकं तेवढं शाबूत राहिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली अण्णांचा खाकी गणवेशातला फोटो. फोटोतले खांदे खाटेवरच्या माणसात अजून ओळखू येत होते.

मी नेहमीच्या सवयीने खोलीत काय काय आहे ते बघू लागले. गॅलरीच्या दारात मोठा कूलर. खाटेखाली पाण्याची बादली. खाटेच्या दांडीवर ओळीने वाळत घातलेले सोलापुरी नॅपकिन. मी विचारलं, एवढे नॅपकिन कशाला? तेव्हा काकूंनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

"ह्यास्नी छातीच्या खाली घामच येत न्हाय, ताई," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात आंग तापतंय आन् तापतच जातंय. मग ह्यांचा घाम मी आणते की."

म्हणजे उन्हाळाभर, सकाळी ऊन चढल्यापासून ते उतरेपर्यंत, काकू ओल्या नॅपकिनने अण्णांचे पाय, पोट, मांड्या पुसत असत. एक पाय ओला करायचा, पंख्याचा वारा लागू द्यायचा, मग दुसरा. घाम जे करतो तेच. ओलं अंग वाळताना गार पडतं. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं आणि काकूंनी ते नोकरीसारखं धरलं होतं. नोकरीला निदान रविवार असतो. दुपारी त्या कधी झोपत नसत, कोणाच्या लग्नाला जात नसत, बाजार सकाळी उरकत असत. आणि हे सगळं मला त्या असं सांगत होत्या, जसं आपण भाकरीचं पीठ कसं मळतो ते सांगू.

मग खिडकी बुजवायची कल्पना कोणाची? मुलीची. त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. पुण्याला नोकरी करते. बापावर तिचा जीव. आदल्या वर्षी तिने बाबांची खोली गार राहावी म्हणून मोबाइलवर बघून-वाचून, चांगला कारागीर बोलावून पश्चिमेच्या सरकत्या खिडकीच्या सगळ्या फटी रबराने बंद करून घेतल्या होत्या. काचेला फिल्म लावली होती. खिडकी घट्ट लावून ठेवायची, उघडायची नाही, असं आईला बजावलं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात अण्णांचा ताप चढत गेला, शुद्ध हरपली आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. जिवावरचं दुखणं होतं, थोडक्यात वाचले. आता प्रज्ञाचं म्हणणं होतं, की एवढं करूनही खिडकीतून झळ येते, तर खिडकीच नको. विटांनी बंद करून टाका.

मला खोलीत शिरल्यापासून काहीतरी खटकत होतं. त्या रबरावर हात फिरवल्यावर ध्यानात आलं. काम उत्तम झालं होतं, वारा शिरायला सुईएवढी जागा नव्हती. एसीच्या खोलीला असंच काम हवं, थंड देशातल्या घरालाही असंच हवं. पण ही कूलरची खोली होती. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. जेवढी हवा आत येते तेवढी दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर खोलीत नुसती ओल साठत जाते. मग कपडे वाळत नाहीत, अंग चिकचिकतं, आणि काकूंनी पुसलेला पाय ओलाच राहतो. त्या दिवसभर घाम आणत होत्या आणि तो घाम वाळत नव्हता.

मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी दांडीवरचा एक नॅपकिन ओढून हातात घेतला. मग म्हणाल्या, गेल्या वर्षी हे नॅपकिन संध्याकाळपर्यंत ओलेच असायचे, त्यांना वाटायचं आपल्या पिळण्यात जोर राहिला नाही. मला तिथे उभं राहवेना. मी टेप काढायच्या निमित्ताने खिडकीकडे वळले.

मी टेप उघडली तसे अण्णा म्हणाले, "माझं एकच हाय. भिंत बांदायची तर बांदा. पर मग माझी खाट हिकडं तोंड करून ठिवू नका."

आमची एक पद्धत आहे. माप घेण्याआधी मी त्या घरातलं माणूस जिथे बसतं तिथे जाऊन बसते. खिडकी बाहेरून कशी दिसते याच्याशी मला देणंघेणं नसतं. आतल्या माणसाला ती काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. इथे बसून भागणार नव्हतं. मी स्टूल खाटेला लावलं, त्यावर गुडघे टेकून वाकले आणि डोकं अण्णांच्या उशीच्या बरोबरीला आणलं. तेव्हा सिमेंटच्या ठोकळ्यांचा अर्थ लागला. काकूंनी खाट इतकी उंच करून घेतली होती, की झोपलेल्या माणसाची नजर खिडकीच्या कठड्यावरून खाली थेट रस्त्यावर उतरत होती. कडुनिंबाखालचा रिक्षा स्टॉप, कोपऱ्यावरचं वळण, भाजीची गाडी, शाळेतून येणारी पोरं. सगळं त्या वळणावर यायचं आणि अण्णा एकेकाची हजेरी घ्यायचे.

"ही बगा," ते मला म्हणाले, "रिक्षा वळली. हात दावला? न्हाय दावला." पुढे एक बाई स्कूटरवरून आल्या, त्यांनी मागे बघून, हात दाखवून वळण घेतलं. अण्णांनी मान हलवून त्यांना पास केलं. शहरातल्या वाहतुकीची एवढी काळजी वाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तिथून मी प्रज्ञाला फोन लावला. रबर का चुकलं ते सांगितलं. तिला ते पटायला वेळ लागला नाही, पण 'म्हणजे मीच केलं' असं ती दोनदा म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने बापाला दवाखान्यात पाठवलं असं तिला वाटू लागलं असावं. मी म्हटलं, बाळ, तू केलंस ते एसीच्या खोलीला अगदी योग्य होतं, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच वाचलं असतं. मग तिने सरळ विचारलं, "ताई, बाबांना रस्ता दिसावा म्हणून मी त्यांना पुन्हा आयसीयूत बघायचं का?"

तिचा प्रश्न बरोबर होता. रबर काढून खिडकी उघडली तर कूलरला वाट मिळणार, पण दुपारनंतर त्याच खिडकीतून ऊन सरळ अण्णांच्या अंगावर येणार. खिडकी झाकली तर ऊन थांबणार, पण अण्णांचा रस्ता जाणार. मी तिला एवढंच म्हटलं, की गवंड्याला थोडं थांबव. ऊन खऱ्या अर्थाने तापायच्या आत खोली सुधारली नाही, तर मी स्वतः त्याला विटा घेऊन वर बोलावीन.

गाडीला किक मारायच्या आधी रफीकभाई म्हणाले, त्यांचे अब्बा जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा बसवायचे. तिरप्या पट्ट्या, बाहेरची कड खाली झुकलेली. ऊन वरून येतं, पट्टीवर अडतं. माणूस आतून खाली बघतो, त्याची नजर पट्ट्यांच्या मधून निघते. वाराही जातो. मी मापाच्या कागदावर तिथेच तिरप्या रेघा ओढल्या. सरकत्या खिडक्या आल्या तशा त्या झडपा गावाने भंगारात आणि चुलीत घातल्या. मला त्याची फार हळहळ वाटते. आमच्या हातून या शहरात जे काही बरं काम झालं, त्यातलं बरंचसं म्हणजे लोकांनी फेकून दिलेलं शहाणपण अॅल्युमिनियममध्ये परत बनवणं.

अण्णांची नजर वरून खाली जात होती. काकूंनी ठोकळे लावून खाट चढवली नसती तर या झडपेचा उपयोग झाला नसता. झोपल्या जागेवरून फक्त पट्ट्यांची पाठ दिसली असती. त्यांनी ते कोणाच्या सांगण्यावरून केलं नव्हतं. नवऱ्याला नुसतं आभाळ दिसतं आणि आभाळात काही घडत नाही, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने खाटेचा एकेक पाय उचलून घेतला होता.

पांढऱ्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून चौकट तयार केली. ती काचेपासून वीतभर लांब, बाहेरच्या ग्रिलवर बसवायची होती, म्हणजे पट्ट्या तापल्या तरी ती गरम हवा मधल्या पोकळीतून वर निघून जाते, काचेला चिकटत नाही. इमारतीच्या अध्यक्षांनी हरकत घेतली, की एकाच खिडकीला असं काही लावलं तर इमारतीची शोभा जाईल. काकू त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांना दुपारी चहाला बोलावून आल्या. चहा त्याच खोलीत दिला. अध्यक्ष कपाळ पुसत अर्ध्या कपावर उठले आणि जाताना म्हणाले, लावा काय लावायचं ते.

खरी कमाल रफीकभाईंनी केली. सकाळी पट्ट्या सपाट उघड्या हव्यात, दुपारनंतर तिरप्या, सूर्य खाली आला की आणखी मिटलेल्या. दर वेळी काकूंनी उठून ते करायचं, म्हणजे त्यांच्यामागे आणखी एक काम. रफीकभाईंनी सगळ्या पट्ट्या एका सळईला जोडल्या, ती सळई खिडकीच्या चौकटीत भोक पाडून आत आणली आणि खाटेच्या उजव्या हाताला तिला एक दांडा बसवला. दांड्याला वर गोल मूठ. अण्णांनी मूठ धरली, पुढे ढकलली, पट्ट्या मिटल्या. मागे ओढली, उघडल्या. त्यांनी ते चार-पाच वेळा केलं. मग रफीकभाईंना विचारलं, रिव्हर्स कुठं टाकायचा?

"रिव्हर्स नक्को, अण्णा," रफीकभाई म्हणाले. "आगेच जाना अब."

अण्णा त्या दिवशी हसले. काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या, कोण हसतंय ते आधी ओळखूच आलं नाही म्हणाल्या.

फिल्म आम्ही काढून टाकली. खिडकीच्या एका बाजूचं रबर काढलं आणि काच सावलीमागे हातभर उघडी ठेवायला सांगितलं, म्हणजे कूलरची हवा गॅलरीकडून येऊन अण्णांवरून जाऊन पट्ट्यांमधून बाहेर पडेल. थंडीसाठी बाकीचं रबर तसंच ठेवलं. पुढचे दिवस काकू रोज फोन करून अहवाल द्यायच्या. त्यांची मोजायची रीत साधी होती. ओला नॅपकिन दांडीवर टाकायचा आणि पोळ्या करायला बसायचं. पोळ्या होईपर्यंत तो वाळला तर दिवस चांगला. मी इतक्या घरांत कामं केली, पण आपली खोली इतकी नीट समजून घेणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही.

तरी मला झोप नीट लागत नव्हती. एप्रिल बरा गेला, पण सोलापूरचा खरा उन्हाळा मे महिन्यात कळतो. आणि माझ्या मनात कूलरची भीती होती. वीज गेली तर काय? घरात छोटा इन्व्हर्टर होता, त्यावर टेबलफॅन चालायचा, कूलर चालायचा नाही.

मे महिन्यातल्या एका दिवशी आम्ही शहराबाहेर कुंभारीला होतो, कामगारांच्या घरांच्या खिडक्या बघायला. ऊन इतकं होतं की टेपची पट्टी हातात धरवत नव्हती. दुपारी फोन आला, प्रज्ञाचा. जुळे सोलापुरातली वीज केव्हाची गेली होती, तिला मोबाइलवर कळलं होतं. ती आईला फोन लावत होती. रिंग जात होती, आई उचलत नव्हती. शेजारचे गावाला गेले होते. "माझी आई फोन उचलत नाही असं कधीच होत नाही," ती म्हणाली.

मी टेप तिथेच टाकली. रफीकभाईंनी गाडी काढली, मी मागे बसले. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता. गवंडी येणार होता आणि त्याला मी थांबवलं होतं. त्या पोरीने मला सरळ विचारलं होतं आणि मी खिडकीच्या बाजूने बोलले होते. वाटेत रफीकभाई आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होते, दुवा मागत असावेत. मीही मागत होते, कोणाकडे ते ठाऊक नाही.

लिफ्ट बंद होती. मी जिन्याने वर गेले. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. अण्णांना उठता येत नाही म्हणून काकू दुपारी आतून कडी लावत नसत. मी ढकलून आत गेले.

खोलीत सावली होती. मला आधी तेच जाणवलं, बाहेरून आल्यावर डोळ्यांना बरं वाटलं. पट्ट्या मिटत आलेल्या होत्या आणि खालच्या रस्त्याचा उजेड त्यांच्यामधून वर येऊन छतावर पडला होता. टेबलफॅन इन्व्हर्टरवर हळू फिरत होता. अण्णा जागे होते. त्यांच्या एका हातात पाणी फवारायची बाटली होती, कपडे इस्त्री करताना वापरतात तसली, आणि हात पोचेल तिथपर्यंत ते स्वतःच्या पोटावर, मांडीवर फवारत होते. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

खाली सतरंजीवर काकू झोपल्या होत्या. एका कुशीवर, तोंड उघडं, हातात नॅपकिन तसाच. तो केव्हाच वाळून कडक झाला होता. त्या चक्क घोरत होत्या.

मी अण्णांच्या कपाळाला हात लावला. मग दंडाला, मग पायांना. अंग ओलसर होतं आणि गार होतं. मी पुन्हा एकदा पाय चाचपले. अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी पडल्यापासनं उन्हाळ्याच्या दुपारी तिनं डोळा मिटला न्हाय, ताई. आज पुसता पुसता बसली आन् आपसूक आडवी झाली. फोन वाजाया लागला, तवा मीच घेऊन गप केला, बोललो असतो तर ती जागी झाली असती. उशीखाली हाय. तिला उठवू नका."

मी स्वयंपाकघरात गेले आणि प्रज्ञाला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला. मी सांगितलं, बाबा छान आहेत, अंग गार आहे, हाताने पाणी फवारताहेत. आणि आई झोपली आहे.

"झोपली आहे म्हणजे?" तिचा आवाज चिरकला.

"झोपली म्हणजे झोपली, बाळ. घोरते आहे."

मग ती म्हणाली, "ताई, फोन ठेवू नका. आईजवळ घेऊन जाल का? मला ऐकायचंय."

मी परत खोलीत आले. रफीकभाई उंबऱ्याशी चपला हातात धरून उभे होते, वाजू नयेत म्हणून. मी वाकून फोन काकूंच्या उशाशी, सतरंजीच्या कडेला ठेवला आणि अण्णांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले.